आठव्या दिवशी मोजणी

साखर पेठेत, सुताच्या दुकानावरच्या माडीवर
आमचं केबलचं ऑफिस.
तीस वर्षं झाली म्हणून मालकांनी पडद्याखालून पट्टी फिरवली:
आजवरची सगळ्यात आवडती जाहिरात कोणती,
चिठ्ठीवर लिहून द्या. एका भाग्यवंताला मिक्सर.

मतपेटी म्हणून शेंगाचटणीचा डबा,
झाकणाला चीर पाडलेला.
अकराशे सेहेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या,
सगळ्यांना लसणाचा वास.
इरण्णा वाचत गेला, मी रेघा मारत गेले,
चार उभ्या, पाचवी आडवी.

पहिली आली ती फिल्टरची.
तीच, नातू आजोबांना फोनवर
पाणी ओतल्याचा आवाज ऐकवतो ती.
तिला टीव्हीवर येऊन आठ दिवस झालेले.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
आम्ही मोजणी आठव्या दिवशी केली.

दुसरी गेल्या महिन्यातली, स्कूटरची.
तिसरी गड्ड्याच्या जत्रेतली, चौथी दिवाळीची.
फळ्यावर नावं लिहिली तर
कॅलेंडरच उलटं टांगल्यासारखं दिसलं.
त्याच्या मागचं काहीच नाही,
जणू तोवर सोलापुरात कुणी
अंगाला साबण लावलाच नव्हता.

लोक खोटं नाही लिहीत अक्का, इरण्णा म्हणाला,
आपण विचारलं आजवरची,
त्यांनी सांगितली आजची.
मधला 'वर' तेवढा गळला बघ.

एक चिठ्ठी बाद झाली.
तेलुगूत होती, थरथरत्या अक्षरात.
इरण्णाला येईना, मी वाचली:
राजेशम चादर झटकतो ती.

केबलच्या पहिल्या वर्षी
मालकांनी स्वतः कॅमेरा धरून काढलेली, बावीस सेकंदांची,
अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यासाठी.
नाना तिथं मागावर होते.
चेहरा बरा म्हणून त्यांना उभं केलं.
त्यांनी चादर झटकली ती थेट कॅमेऱ्यावरच आली,
सगळा पडदा मोरांनी भरला
आणि मोरांच्या पलीकडून नानांचं हसू ऐकू आलं,
जे कुणी लिहून दिलं नव्हतं.
दुसरी टेप नव्हती. तेच वर्षभर दाखवलं.
शाळेत पोरं मला 'ए चादर' म्हणून हाक मारायची.

कॅसेट पुढं बुरशीनं गेली.
दाखवायला काही नाही, मालक म्हणाले,
मग मत धरून करायचं काय.

त्या रात्री घरी मी ते हसू आठवायला बसले.
आधी आला सिव्हिलचा वॉर्ड.
शिक्का मारलेली हिरवी चादर,
तिच्याखाली पाय किती थोडी जागा घेत होते.
मग खोकला. मग कारखान्याचं कुलूप.
शेवटचे अकरा दिवस दारातच उभे,
मागच्या सहासष्ट वर्षांना आत येऊ देईनात.
मला कुणी डबा पुढं केला असता
तर मीही तेच लिहिलं असतं.

मागावर दिसतं किती, नाना म्हणायचे,
नुकतं विणलेलं हातभर.
बाकीचं रुळावर गुंडाळत जातं, आपल्या पोटाशी.
गिऱ्हाईक आलं की उलगडायचं.

उशिरा, डोळा लागता लागता,
आधी मोर दिसले.
हसू नाही आलं. मोर आले.

सोडतीत बाद चिठ्ठ्या धरायच्या की नाही
कुणी सांगितलं नव्हतं,
म्हणून मी ती डब्यात परत टाकली.
नाही निघाली.
मिक्सर लागला जुळे सोलापूरच्या एका बाईंना.
दहाव्या दिवशी फोन केला, अभिनंदन केलं.
त्या खूश झाल्या, दोनदा विचारलं, किती जारचा आहे,
आणि ठेवता ठेवता म्हणाल्या,
अहो, मी लिहिली होती तरी कोणती?